चेन्नईला नावं ठेवायला गेले होते

चेन्नईहून आल्यापासून शेजारीपाजारी विचारतात, "काय काय पाहिलंत?" समुद्र पाहिला, देवळं पाहिली असं सांगितलं की त्यांचं समाधान होतं आणि ते आपापल्या घरी जातात. खरं सांगायचं तर मी पाहायला गेलेच नव्हते. मी त्या शहराला नावं ठेवायला गेले होते, आणि एवढ्या कामाला पंधरा दिवस भरपूर झाले असा माझा अंदाज होता.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सुमन. सोलापूरला सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते, आता रिटायर. मालक जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा प्रसाद चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि सून केतकी तिथंच कॉम्प्युटरच्या कंपनीत. गेल्या थंडीत मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडलं. लाटणं घेतलं, जुन्या ओढणीनं हाताला घट्ट बांधलं, रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि केसपेपर काढून रांगेत बसले. मला वाटलं, पोरगा कौतुक करेल. त्यानं फोनवर अर्धा तास आरडाओरडा केला.

"आई, तू आता एकटी राहायचं नाहीस. चेन्नईला ये."

"एवढी काळजी आहे तर तूच ये की महाराष्ट्रात," मी म्हटलं. बोलायचं म्हणून बोलले हो. पण पोरानं ते मनावर घेतलं आणि पुण्याजवळ चाकणला नोकरी शोधली. हुद्दा एक पायरी खालचा, पण पुण्यात घर करायचं, मला सोबत ठेवायचं, सगळे आपल्या मुलखात. जुलैतल्या एका सोमवारी त्या कंपनीला हो की नाही ते कळवायचं होतं. प्रसाद म्हणाला, "त्याआधी पंधरा दिवस इथं राहून बघ. जमलं तर सगळे चेन्नईतच राहू. नाही जमलं तर मी पुण्याला हो म्हणतो. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

आता मला सांगा, आईच्या हातात कोणी असा हुकमाचा पत्ता देतं का? मी त्याच दिवशी ठरवलं, चेन्नई नापास. फक्त पेपर तपासल्याचं नाटक करायचं बाकी होतं. केतकीच्या नोकरीचं काय, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडला होता. पण तिचं काम कॉम्प्युटरवरचं, कॉम्प्युटर काय कुठंही उघडतो, असं म्हणून मी तो बाजूला सारला. मग चाळीस कडक भाकऱ्या, डबाभर शेंगाचटणी आणि तक्रारी लिहायला एक कोरी वही घेऊन गाडीत बसले.

ऊन, पाणी वगैरे

गाडीतून उतरले आणि कोणीतरी अंगावर ओला टॉवेल टाकावा तशी हवा लागली. घरी पोचल्या पोचल्या वही काढून लिहिलं, "ऊन." मग खोडलं. सोलापूरच्या बाईनं दुसऱ्या गावच्या उन्हाला नावं ठेवायची म्हणजे हसं व्हायचं. त्याऐवजी लिहिलं, "घाम." आमच्याकडे घाम येतो आणि वाळून जातो. इथं तो मुक्कामाला येतो.

प्रसादचं घर टी. नगरच्या एका गल्लीत, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. चार पावलांवर साड्यांची आणि सोन्याची दुकानं, बस, रिक्षा, गर्दी, आणि गल्लीत शिरलं की एकदम शांत. घराघरापुढं रांगोळी, तिला इथं कोलम म्हणतात. आमच्या बायका रांगोळीत रंग भरतात, इथं नुसत्या पांढऱ्या पिठाच्या रेघा, पण काय हात! मी वाकून वाकून बघत होते तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. मला आनंद झाला. "पाणी टँकरनं येतं," मी वहीत लिहिलं.

प्रसादनं खांद्यावरून वाचलं. "आई, सोलापूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

मला ऐकू आलं नाही. वय झालंय.

जेवणाचं म्हणाल तर मी आधीच नाक मुरडून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीनं कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं आणि माझ्यापुढं पोंगल आलं. पोंगल म्हणजे मुगाची खिचडीच, पण आख्खे मिरे घातलेली आणि तुपात निथळणारी. मी एक खाल्लं. चव नीट कळली नाही म्हणून दुसरं मागवलं. वहीत लिहिलं, "सकाळी सकाळी भात खातात." वर पितळी पेल्यात कॉफी आली, खाली पितळी वाटी. तिथली माणसं त्या दोन भांड्यांतून हातभर उंचीवरून कॉफी खालीवर करतात आणि एक थेंब सांडत नाही. मी करून पाहिलं, निम्मी साडीवर गेली. उरलेली प्यायले. कॉफीबद्दल वहीत काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बीपी बघायला जवळच्या एका डॉक्टरकडे गेलो. तिथं दवाखान्यात शिरतानासुद्धा चपला बाहेर काढायच्या. आम्ही सोलापुरात देवळाबाहेर काढतो आणि देवापेक्षा चपलांवर जास्त लक्ष ठेवतो. इथं दारात चपलांचा ढीग आणि कोणाचं लक्ष नाही. मी चौतीस वर्षं दवाखान्यात सगळ्यांना शिस्त लावली, पण बाहेर येऊन बिनधास्त दुसऱ्याच्याच चपला घालून घरी आले. केतकीनं जिन्यात ओळखलं. माझ्यापेक्षा बऱ्या होत्या हो, मऊ मऊ. पण ती मला तशीच माघारी घेऊन गेली. तिथं एक आजोबा अनवाणी उभे होते. मी हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि मला एक मोठं वाक्य ऐकवलं. केतकी हसायला लागली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या सासूबाईंची निवड चांगली आहे."

त्यानंतर दोन दिवस मला तक्रारच सापडेना. मेट्रोनं एग्मोरला जाऊन आलो, तर मी डब्यात शिरले आणि एक मुलगी न सांगता उठून उभी राहिली. अशानं कसं व्हायचं?

साडीच्या दुकानात

शनिवारी केतकी मला साड्या बघायला घेऊन गेली. पाच मजली दुकान, मजल्यामजल्यावर बायका, आणि विकणारे पुरुष लांबच लांब टेबलापलीकडं उभे राहून साड्या उलगडतात. आमच्याकडं गादीवर बसून, चहा पिऊन, दुकानदाराच्या मुलाच्या लग्नाची चौकशी करून मग साडी घेतात. इथं उभ्यानंच सगळं. मी हे वहीत लिहायला पर्स उघडली, तेवढ्यात केतकीला ऑफिसचा फोन आला.

कुठंतरी काहीतरी बंद पडलं होतं. पोरगी साड्यांच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. एकाला तमिळमध्ये, दुसऱ्याला इंग्रजीत. आवाज चढवला नाही, घाबरली नाही. तू हे कर, तू ते बघ, दहा मिनिटांनी मला सांग. मी हातातली साडी खाली ठेवली. वॉर्डात एकाच वेळी तीन पेशंट बिघडले की मी अशीच बोलायचे. त्या आवाजात बोलणारं दुसरं माणूस मला घरात मिळेल असं वाटलं नव्हतं. काम मार्गी लागल्यावर तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसली. "सॉरी आई. गेल्या महिन्यात मला सोळा जणांची प्रमुख केलंय ना, तेव्हापासून सारखं असंच."

"एवढं झालं आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. मग पुण्याचं निघालं, म्हटलं कशाला." आणि तिनं पटकन एक निळी साडी माझ्या खांद्यावर टाकली. मी साडी बघत बसले. बाई साडी बघत असली की तिला पुढचे प्रश्न सुचत नाहीत, हे केतकीला बरोबर ठाऊक आहे.

कडक भाकरी मऊ झाली

आता माझ्या अपमानाची गोष्ट. कडक भाकरी म्हणजे सोलापूरची शान. पापडासारखी पातळ, महिनोन् महिने टिकणारी, मोडली की कट्ट वाजणारी. रविवारी सकाळी मी डबा उघडला आणि एक भाकरी उचलली, तर ती हातात मान टाकून लोंबायला लागली. समुद्राच्या हवेनं सगळ्या चाळीस भाकऱ्या सादळल्या होत्या. प्रसादनं तिची घडी करून दाखवली. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "या गावात कडक भाकरी कडक राहत नाही," आणि खाली दोन रेघा ओढल्या. यापेक्षा मोठा दोष कुठल्या गावात असेल?

तरी चाळीस भाकऱ्या टाकवेनात. मी त्या सगळ्या घेऊन गच्चीवर गेले आणि जुन्या धोतरावर उन्हात मांडल्या. पाच मिनिटांत कावळे आले.

"हाड् मेल्या! सोलापूरहून तुझ्यासाठी आणल्यात का? मुडदा बशिवला तुझा!"

शेजारच्या गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. आमच्या इमारतीला जवळजवळ चिकटून एक जुनं दुमजली घर आहे. त्याच्या गच्चीवर एक म्हातारी बाई तांदळाच्या कुरडया वाळवत, हातात काठी घेऊन कावळे राखत बसली होती. नऊवारी नाही, साधी सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, कपाळावर विभूती. अस्सल तमिळ. ती तोंड उघडून म्हणाली, "ते काय वाळवतेस गे? भाकर का?"

माझ्या हातातली भाकरी पडली. मराठी होतं, पण असं मराठी मी जन्मात ऐकलं नव्हतं. शब्द खापरपणजीचे आणि हेल तमिळ, वाक्य शेवटाला वर चढायचं. त्या तुळसाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला गेले, वडील तंजावरहून मद्रासला कारकुनीला आले. आयुष्यात त्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नाही.

"कधीच नाही?" मी विचारलं.

"कसाला? तीनशे वर्षं ठेवलं ना सांभाळून इथं? अस्कं आहे आमच्याजवळ," त्या म्हणाल्या. अस्कं म्हणजे सगळं, हे मला नंतर कळलं. "तू ये घरांत. ऊन फार."

तासाभरात मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. त्यांनी भात वाढला आणि त्यावर काहीतरी पांढरं कालवण. मी एक घास घेतला आणि थांबले. भाजलेल्या उडदाचं पीठ, दही, हिंग. डांगर! माझी आई करायची ते डांगर. माझ्या केतकीला डांगर ठाऊक नाही, आणि ही बाई तीनशे वर्षं तिकडे राहून रविवारी सकाळी डांगर करते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

"मिरची नाही घातली त्यात," तुळसाबाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, मुलगी बेंगळुरूला. दोघं फोनवर तमिळ आणि इंग्रजी बोलतात. यजमान होते तोवर घरात मराठी चालायचं. "आता मी देवाशी बोलते मराठी," त्या म्हणाल्या. "तो उलटून बोलत नाही, हाच त्रास." आणि मग त्यांनी माझी चौकशी सुरू केली. नवरा? मुलं? मांस-मासळी? बीपी? सकाळी किती वाजता उठतेस? फोनवर मोठ्यानं बोलतेस का? मी सगळ्याला सरळ उत्तरं देत गेले. ही बाई वरच्या रिकाम्या मजल्यासाठी भाडेकरू तपासतेय, हे मला बुधवारी त्यांनी तो मजला बघायला ये म्हटलं तेव्हा कळलं. चेन्नईत भाड्याच्या अशा मजल्याला पोर्शन म्हणतात. त्या पोर्शनच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर प्रसादच्या स्वयंपाकघरासमोर. मध्ये जेमतेम चार हात.

"मी इथं राहणार नाही तुळसाबाई," मी स्पष्ट सांगितलं. "सोमवारी आमचं पुण्याचं ठरतंय."

"राहू नको. बघाया काय जातं? शुक्रवारी सकाळी साडेसातास ये. न्हाऊन ये. नवं पातळ नेस."

"घर बघायला नवी साडी कशाला?"

"माझं घर आहे. माझी पद्धत," त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन कावळ्यांकडं गेल्या.

शुक्रवार

शुक्रवारी मी न्हाऊन, ती निळी साडी नेसून गेले. म्हातारं माणूस, सोवळं-ओवळं पाळत असेल, म्हटलं मन राखावं. वरच्या दारात ताजा कोलम. "उजवा पाय आंत," तुळसाबाई म्हणाल्या. मी टाकला. कोपऱ्यात पितळी समई लावलेली. उंबऱ्याला हळद. रिकाम्या स्वयंपाकघरात एक गॅसची शेगडी आणि तिच्यावर हळद-कुंकू लावलेलं काठोकाठ दुधाचं पितळी भांडं. एवढं सगळं डोळ्यांपुढं असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, इकडची रोजचीच पद्धत असेल, कॉफीसुद्धा देवाला दाखवून करत असतील. तुळसाबाईंनी माझ्याच हातानं गॅस पेटवायला लावला. "मी साखर घेऊन येत्ये. तू दूध बघ," असं म्हणून त्या खाली गेल्या.

दूध बघायला सांगितलं की माणूस खिडकीतून बाहेर बघतो. समोर आमचं स्वयंपाकघर. प्रसाद शुक्रवारी घरून काम करतो, तो ओट्याशी उभा राहून कांदा चिरत होता. केतकी चहा करत होती. मी हाक मारणार होते, तेवढ्यात माझं नाव ऐकू आलं.

"आईला सांगितलंस का राजीनाम्याचं?" प्रसाद विचारत होता.

"वेडा आहेस का? त्यांना कळलं तर त्या मोकळ्या मनानं ठरवतील का? पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी तू पुण्याला हो म्हणालास की मी पाठवीन."

"पुण्यातून काम करू देणारच नाहीत? परत विचार ना."

"तीनदा विचारलं. प्रमुखानं इथंच बसलं पाहिजे म्हणतात. असू दे रे. आई पडल्या त्या दिवशी तुझी काय अवस्था झाली होती ते मी पाहिलंय. नोकरी काय, मिळेल परत." हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरासा घसरला आणि तिनं विनाकारण चहात साखर घातली, मग चमचा धुतला, मग तोच चमचा परत धुतला.

मला माझीच लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आठवडाभर मी त्या वहीत घाम आणि टँकर लिहीत बसले होते, आणि ही पोरगी माझ्यापुढं पोंगल सरकवत, माझ्या चपला बदलून आणत, मनातल्या मनात सोळा माणसांचा निरोप घेत होती. साडीच्या दुकानातला तिचा आवाज मला आठवला. मला जर त्या वयात कोणी म्हटलं असतं की सासूला मूळगाव आवडतं, तू वॉर्ड सोड, तर मी त्या माणसाचा केसपेपर फाडला असता. आणि केतकीनं माझ्यासाठी ब्रसुद्धा काढला नव्हता.

मी खिडकीपासून मागं वळले. दूध वर आलं, काठावर क्षणभर फुगून थांबलं, आणि भसकन् उतू गेलं.

"पोंगलं! पोंगलं!" तुळसाबाई दारातून ओरडल्या, म्हणजे उतू गेलं. त्यांच्या मागं गल्लीतल्या आणखी दोन बायका. एकीनं माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. ते मी किती वर्षांनी लावून घेतलं कोण जाणे, पण नको म्हणायला उसंत मिळाली तर ना. दुसरीनं तोंडात साखर कोंबली. "पूर्वेस उतू गेलं, फार चांगलं. आता घर तुझं," तुळसाबाई म्हणाल्या.

"माझं कसलं? मी नुसती बघायला आलेय!"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. इथं भाड्याच्या घरातसुद्धा सामान आणण्याआधी चांगल्या मुहूर्तावर दूध तापवतात आणि उतू घालतात. दूध उतू गेलं की माणूस राहायला आलं. त्यानंतर घर सोडून जाणं म्हणजे त्या माणसालाही बरं नाही आणि घरालाही. "पुढल्या आठवड्यांत आडी लागतो, तुमच्या आषाढासारखा. त्यांत कोण घर बदलत नाही. म्हणून आज."

मी कपाळाला हात लावला. वास्तुशांतीला दूध उतू घालतात हे मला ठाऊक नव्हतं का? चार घरच्या वास्तुशांती जेवलेय मी. पण आपल्याकडं भाड्याच्या खोलीला कोण दूध तापवतं? किल्ली घेतली, झाडू मारला, पलंग लावला, झालं.

मी घरी आले. कपाळावर कुंकू आणि साडीवर दुधाचे शिंतोडे बघून प्रसादनं सुरी खाली ठेवली.

"तुझ्या आईला त्या म्हातारीनं फसवलं," मी म्हटलं. "माझ्या हातून वरच्या पोर्शनमध्ये दूध उतू घालवून घेतलं. आता तिथं राहणं आलं."

"म्हणजे? इथं राहणार? चेन्नईत?"

"हौस आहे का मला? राहावं लागणार. म्हातारीच्या घराला अपशकुन झाला तर माझ्या नावानं खडे फोडेल."

"आई, तू मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालणारी बाई. तू कधीपासून अपशकुन मानायला लागलीस?"

"परमुलखात मानावं लागतं," मी म्हटलं. "आणि माझं घर वेगळं, माझी चूल वेगळी. हुरड्याच्या दिवसांत मी सोलापूरला जाणार, तेव्हा कोणी फोनवर आरडाओरडा करायचा नाही. घसरले तर तुळसाबाई ओरडतील, तुम्हाला चार हातांवर ऐकू येईल. आता पुण्यातल्या लोकांना नाही म्हणून कळव, सोमवारची वाट बघू नकोस."

केतकी आली आणि तिनं मला घट्ट मिठी मारली. लग्नाला पाच वर्षं झाली, नमस्कार पुष्कळ झाले, मिठी पहिलीच. ती रडत होती आणि तिला वाटत होतं मला कारण माहीत नाही. "अगं, साडी चुरगळते," मी म्हटलं, पण सोडलं नाही.

निघताना

शनिवार-रविवार प्रसादनं माझ्या पोर्शनच्या न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या आणि मी त्याच्या प्रत्येक दांडीला नावं ठेवली. राहिलेल्या भाकऱ्या गच्चीवर वाळून पुन्हा बऱ्यापैकी कडक झाल्या होत्या, त्या तुळसाबाईंना दिल्या. त्यांनी त्या सांबारात बुडवून खाल्ल्या. सोलापुरात कोणाला सांगू नका.

स्टेशनला निघाले तेव्हा त्या रिक्षापर्यंत आल्या. माझा हात धरून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "गॅसच्या बटणाकडं हात नेला होतास तू. दूध काठाशी होतं तेव्हां. मग माघारी घेतलास. मी दारांतून पाहिलं."

खरं होतं ते. खिडकीपासून वळले तेव्हा समई, हळद, कोलम, उजवा पाय, सगळ्याचा अर्थ एकदम लागला होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या हातून थेंबभर दूध उतू गेलेलं नाही. बटण बोटाला लागलंही होतं. पण सरळ जाऊन "मी चेन्नईत राहते" असं म्हटलं असतं, तर त्या पोरीला कळलं असतं की मी ऐकलंय, आणि तिनं मला राहू दिलं नसतं. फसवली गेलेली सासू बरी.

"कोणास सांगू नका," मी तुळसाबाईंना म्हटलं.

"कोणास सांगू? मराठी कळतं कोणास?" त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला तमिळमध्ये दम देऊन निघून गेल्या.

आता मी सोलापुरात भांडी बांधतेय. आडी संपला की जायचं आहे. प्रसादला यातलं काही ठाऊक नाही आणि तो हे वाचेल अशी भीतीही नाही, त्यानं चार ओळींपुढं मराठी वाचलेलं मला आठवत नाही. केतकी मात्र सगळं वाचते, पण पुण्याला नाही कळवून झालंय, आता तिला कळलं तरी चालेल. वाचलंस ना गं? मग ते राजीनाम्याचं पत्र अजून कुठं जपून ठेवलं असशील तर फाडून टाक, आणि यापुढं स्वयंपाकघरातली खिडकी लावून बोलत जा. पलीकडं मी राहायला येतेय.